घरच्या शाळेलाही हवा निकालाचा दिवस

(प्रतिनिधी)

लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटतात. सोबतच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे पाहून त्या सहज विचारतात, ‘काय रे, यंदा कितवीत गेलास?’ मुलगा आईकडे पाहतो. आई सांगते, ‘तो शाळेत जात नाही, घरीच शिकतो.’ काकूंच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग थोडी काळजी उमटते आणि तेवढ्यात त्यांचा मजला येतो. मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांना हा प्रसंग नवा नाही. आपला अभ्यासक्रम, आपली पुस्तके, आपली भूमिका यांविषयी हे पालक तासभर बोलू शकतात. मुलाला मात्र त्या क्षणी एका साध्या शब्दाची उणीव भासते. तिसरी, चौथी, पाचवी यांपैकी एखादा शब्द हाती असला, की आपण गेल्या वर्षीपेक्षा एक पायरी वर आहोत हे मुलाला जगाला सांगता येते.

शाळा केवळ विषय शिकवत नाही, ती वर्षही मोजून देते. जूनमधील पहिला दिवस, नव्या पुस्तकांचा वास, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर, अनेक शाळांत महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनानंतर हाती पडणारा निकाल आणि त्यानंतर शेजारी वाटलेले पेढे, अशा ठरलेल्या थांब्यांवरून मुलाचे वर्ष पुढे सरकते. घरच्या शिक्षणात गणित, भाषा, विज्ञान सारे असते. हे थांबे मात्र आपोआप येत नाहीत, ते कोणीतरी आणावे लागतात.

थांबे नसले तर काय होते, याचा अनुभव सर्वच घरांनी कोरोनाच्या काळात घेतला आहे. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्द झाला. शेवटचा पेपर देऊन परीक्षा केंद्राबाहेर पडण्याचा, पॅड हवेत उडवण्याचा तो क्षण लाखो मुलांच्या वाट्याला आलाच नाही. २०२१ मध्ये तर परीक्षाच रद्द झाली. निकाल ९९.९५ टक्के लागला, तरी अनेक घरांत आनंद कसा साजरा करावा हेच कोणाला उमगत नव्हते. गुण मिळाले होते, पण एक टप्पा ओलांडल्याची भावना त्यात नव्हती. घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी दर वर्षी हाच प्रश्न सोडवायचा असतो. त्यासाठी फार पैसा लागत नाही. थोडी कल्पकता, थोडी शिस्त आणि चार माणसांची उपस्थिती मात्र लागते.

आरंभ पहिल्या पावसाचा

घरी शिकणाऱ्या मुलाला सुट्टी कधी लागली आणि कधी संपली हे कळत नाही, अशी अनेक पालकांची तक्रार असते. त्यामुळे पहिला टप्पा वर्षारंभाचा. महाराष्ट्रातील शाळा सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या काहीशा उशिरा सुरू होतात. घरच्या शाळेनेही एक निश्चित दिवस ठरवावा. तारीख नको असेल तर ‘पहिला मोठा पाऊस पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असेही ठरवता येईल. मुले आठवडाभर आभाळाकडे पाहत राहतील आणि पावसाची नोंद ठेवण्याचा धडा त्यातच सुरू होईल.

त्या दिवशी वह्या-पुस्तकांना कव्हरे घालावीत. तपकिरी कागद, डिंक, नाव लिहिण्याच्या चिठ्ठ्या हा सोहळा ज्या पिढीने अनुभवला ती पिढी आज आई-बाबांच्या भूमिकेत आहे. आपल्या मुलाने शाळा पाहिली नाही म्हणून त्याने हा आनंद का गमवावा? याच दिवशी दाराच्या चौकटीवर मुलाची उंची पेन्सिलीने नोंदवावी. नंतर एक ठरावीक परिच्छेद त्याच्याकडून लिहून घ्यावा आणि तोच मोठ्याने वाचताना त्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. परिच्छेद दर वर्षी तोच ठेवायचा. तीन-चार वर्षांनी ही पाने शेजारी शेजारी ठेवली, की अक्षर कसे वळले, अडखळणे कसे गेले, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी कळते. ‘तू खूप प्रगती केलीस’ या आपल्या वाक्यापेक्षा हा पुरावा त्याला अधिक पटतो.

गुरू कोण, याचा शोध

आषाढातील गुरुपौर्णिमा हा घरच्या शाळेसाठी मोलाचा दिवस ठरू शकतो. शाळेतील मुलाला आपले शिक्षक कोण हे ठाऊक असते. घरी शिकणाऱ्या मुलाचे शिक्षक विखुरलेले असतात आणि त्यांतील अनेकांना आपण शिक्षक आहोत याची कल्पनाही नसते. पाढे आजीने शिकवलेले असतात. पाव किलो आणि अर्धा किलो यांतला फरक भाजीवाल्या मावशींच्या तराजूवर कळलेला असतो. पंक्चर कसे काढतात हे कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात समजलेले असते आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी तबल्यावरचा पहिला ठेका दिलेला असतो.

वर्षभरात आपण कोणाकडून काय शिकलो, याची यादी मुलाने या दिवशी करावी आणि त्यांतील तीन-चार जणांना स्वतःच्या अक्षरात पत्र नेऊन द्यावे. पत्र दोन ओळींचे असले तरी चालेल. ‘तुम्ही मला अमुक शिकवलेत’ एवढे त्यात असले म्हणजे पुरे. याचा एक व्यावहारिक लाभही आहे. ज्यांच्या हाती असे पत्र पडते, ती माणसे पुढे मुलाच्या शिक्षणाची साक्षीदार बनतात. भेट झाली की ‘कितवीत आहेस’ असे न विचारता ‘आता नवीन काय शिकतोस’ असे विचारू लागतात.

पाटीवरची सरस्वती

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिचे पूजन करण्याची प्रथा आजही अनेक मराठी घरांत टिकून आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला कारागीर आपली हत्यारे पूजतो. घरच्या शाळेत या दोन्ही परंपरा एकत्र आणता येतील. या चार महिन्यांत मुलाने जी साधने खरोखर वापरली ती पाटावर मांडावीत. नकाशांचे पुस्तक असेल, कुंचला असेल, पाना-स्क्रूड्रायव्हर असेल, घुंगरू असतील किंवा संगणकाचा माऊसही असेल. पाटावर काय ठेवायचे हे मुलानेच ठरवावे. पहिल्या सत्रात त्याचे मन कशात रमले, हे पालकांना त्या मांडणीतूनच कळते आणि जी पुस्तके पाटावर आलीच नाहीत, त्यांचा विचार दिवाळीनंतर नव्याने करता येतो.

शंभरावा दिवस

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत शाळेचा शंभरावा दिवस साजरा करण्याची पद्धत आहे आणि तेथील घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनीही ती उचलली आहे. ही कल्पना आपल्याकडेही सहज रुजण्यासारखी आहे. १५ जूनपासून आठवड्यातील पाच दिवस धरले, तर विसाव्या आठवड्यात शंभर दिवस भरतात. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या वगळल्या, की हा दिवस साधारण बालदिनाच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला येतो. हा हिशेब मुलाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर स्वतः करावा. रोज एक चौकोन खोडणे हीच लहान मुलांची पहिली अंकगणिताची वही होते.

शंभराव्या दिवशी काय करावे? लहान मुलांनी शंभर चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करावेत. घरापासून शंभर पावले चालून आपण कुठवर पोचतो ते पाहावे. थोड्या मोठ्या मुलांना शंभर रुपये द्यावेत आणि त्यात चार माणसांची एक वेळची भाजी, कोथिंबीर-मिरचीसह, मंडईतून आणायला सांगावे. हिशेब चुकला तर चुकू द्यावा. रात्री त्याच भाजीचे जेवण करावे. मुलाने आणलेली भाजी सर्वांनी मिळून खाणे हाच त्या दिवसाचा समारंभ.

बैठकीच्या खोलीतले स्नेहसंमेलन

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. शेजारची मुले रंगीत कपडे घालून, तोंडाला रंग लावून निघतात, तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलाला आपण कशातून तरी वगळले गेलो आहोत असे वाटू शकते. त्यावर ‘त्यात काय एवढे’ असे म्हणणे हा उपाय नव्हे. घरीच एक छोटे संमेलन भरवावे. आजी-आजोबा, मावशी-काका, शेजारी आणि मुलाचे मित्र मिळून दहा-पंधरा प्रेक्षक पुरेसे आहेत. निमंत्रणपत्रिका मुलाने लिहाव्यात, सूत्रसंचालनही त्यानेच करावे.

कार्यक्रमाला नाच-गाण्याचेच स्वरूप हवे असे नाही. ‘मला काय शिकवता येते’ असा एक भाग त्यात जरूर असावा. मुलाने पाहुण्यांना काहीतरी शिकवायचे. पतंगाची कन्नी कशी बांधतात, चंद्राच्या कला का दिसतात, बुद्धिबळात घोडा कसा चालतो, थालीपीठाच्या भाजणीत कोणकोणती धान्ये पडतात, काहीही चालेल. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला किती कळले आहे याचा कस लागतो. शिवाय घरी शिकणाऱ्या मुलांच्या नातेवाइकांच्या मनात दडून राहिलेली शंका अशा पाऊण तासात जेवढी निवळते, तेवढी वादविवादाने निवळत नाही.

एकाच शहरात अशी तीन-चार कुटुंबे परस्परांना ओळखत असतील, तर हे संमेलन बागेत किंवा एखाद्या सोसायटीच्या सभागृहात एकत्र भरवता येते. मुलांना आपल्यासारखी आणखी मुले आहेत हे दिसणे ही गोष्ट सादरीकरणाइतकीच महत्त्वाची आहे.

परीक्षा असेल तर विषयागणिक पेढा

घरी शिकणाऱ्या मुलांपुढे औपचारिक परीक्षांचा मार्ग खुला असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला देता येते. राज्यातही मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी आणि दहावीच्या समकक्ष परीक्षांची सोय करण्यात आली आहे. राष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीचे एक वैशिष्ट्य पालकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे सर्व विषय एकाच वेळी देण्याचे बंधन नाही. नोंदणीपासून पाच वर्षांच्या मुदतीत, एकूण नऊ संधींमध्ये, विद्यार्थी एकेक-दोनदोन विषय उत्तीर्ण होऊ शकतो आणि मिळवलेले यश त्याच्या खाती जमा राहते.

याचा अर्थ असा, की अशा मुलाच्या आयुष्यात दहावीच्या निकालाचा एकच मोठा दिवस येईलच असे नाही. तो दोन-तीन वर्षांत विखुरलेला असतो. शेवटचा विषय सुटेपर्यंत वाट पाहिली, तर तोवर आनंदाची धार बोथट झालेली असते. म्हणून प्रत्येक विषयाचा निकाल साजरा करावा. भूगोल सुटला, की नकाशा घेऊन एखाद्या किल्ल्यावर किंवा नदीच्या उगमापाशी जाऊन यावे. गृहविज्ञान सुटले, की घरातील सर्वांचे जेवण त्या दिवशी विद्यार्थ्याने करावे. संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका यांसारख्या परीक्षा आहेत. त्यांना शाळेच्या दाखल्याची गरज पडत नाही आणि बाहेरच्या जगाने घेतलेली परीक्षा म्हणून मुलांना त्यांचे अप्रूपही असते.

बिनसावलीचा समारोप

वर्षाचा शेवट कसा करावा? महाराष्ट्रात निसर्गाने यासाठी एक सुंदर दिवस देऊ केला आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. आपल्याकडे त्यांतील पहिला मे महिन्यात येतो. दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये असला, तरी पावसाळी ढगांमुळे तो बहुधा हुकतो. मे महिन्यात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने सावली आधी कोल्हापुरात नाहीशी होते. तेथे हा दिवस महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात येतो. घड्याळात बरोबर बारा वाजता मात्र हे घडत नाही. मुंबई-पुण्यात साडेबाराच्या सुमारास गच्चीवर जावे लागते.

आदल्या आठवड्यापासून एखादी उभी नळी किंवा स्टीलचा पेला गच्चीत ठेवून रोज दुपारी सर्वांत आखूड सावली खडूने आखावी. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मुलांना बजावून सांगावे. सावली रोज आखडत जाते आणि एके दिवशी ती दिसेनाशी होते. त्या दिवशी वर्ष संपले असे जाहीर करावे. कोल्हापूरच्या मामेभावाने आधी फोन करून ‘आमची सावली गेली’ असे कळवावे, मग पुण्या-मुंबईच्या मुलांनी आणि शेवटी नागपूरच्या मावसबहिणीने. राज्यभर विखुरलेल्या नात्यागोत्यांतून भूगोलाचा आणि खगोलाचा असा धडा आपसूक साकारतो. त्यानंतर गच्चीवरच पन्हे, आमरस, पत्ते आणि सुट्टी!

संध्याकाळी ‘निकाल’ वाचावा. यात गुण नसतात. मुलाने स्वतः लिहिलेल्या तीन गोष्टी असतात. वर्षारंभी न येणारी आणि आता येणारी एक गोष्ट, अजूनही न जमलेली एक गोष्ट आणि पुढल्या वर्षी शिकावीशी वाटणारी एक गोष्ट. खाली आई-बाबांची आणि घराबाहेरच्या एका माणसाची सही घ्यावी. गुरुपौर्णिमेला पत्र मिळालेली व्यक्ती यासाठी सर्वांत योग्य.

वर्ष कठीण गेले तर?

प्रत्येक वर्ष पुढेच जाते असे नाही. आजारपण येते, घर बदलते, आठ वर्षांच्या मुलाला अजून सलग वाचता येत नाही. शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा त्याच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. अशा बातम्या उमेद देतात. त्याचबरोबर घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने काहीतरी असामान्य करून दाखवलेच पाहिजे, असे ओझेही त्या नकळत टाकतात. मग समारंभ हा मुलाचा न राहता पालकांच्या निर्णयाच्या समर्थनाचा देखावा बनतो. अशा वेळी फोटो काढून सर्व नातेवाइकांच्या ग्रुपवर धाडण्याचा मोह आवरणे बरे.

कठीण वर्षाचाही समारोप करावा आणि त्यात खोटी स्तुती नसावी. ‘वाचन अजून आले नाही, पण गोष्ट ऐकून ती जशीच्या तशी सांगता येते’ हे वाक्य निकालात लिहिता येते. मूल ते ऐकते तेव्हा त्याला कळते, की आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिले आहे. वाचनाची अडचण दीर्घ काळ राहिली, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला हवा. सोहळ्याच्या आनंदात ही गोष्ट झाकली जाऊ नये.

काही मुले पुढे शाळेत परतण्याचा निर्णय घेतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाची अशी स्वतंत्र तरतूद नाही. मात्र ६ ते १४ वयोगटातील शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळावे, असे त्याचे कलम ४ सांगते. शाळेत परतणे हे घरच्या शिक्षणाचे अपयश मानून गुपचूप उरकू नये. तोही एक टप्पाच आहे. त्या मुलालाही निरोपसमारंभ द्यावा. उंचीच्या रेघा असलेल्या चौकटीपाशी उभे करून त्याचा फोटो काढावा आणि जमवलेले परिच्छेद एका फायलीत घालून त्याच्या हाती द्यावेत.

मग लिफ्टमध्ये पुन्हा काकू भेटतील आणि ‘यंदा कितवीत?’ असे विचारतील. ‘मी घरी शिकतो. आमचं वर्ष परवाच संपलं, आमची सावली गेली ना तेव्हा!’ असे मुलगा म्हणेल. काकूंना बहुधा काही कळणार नाही आणि त्या विचारतील, ‘म्हणजे रे काय?’ मुलाला सांगायला पुष्कळ असेल. तेवढ्यासाठी एखादा मजला जास्त चढावा लागला तरी हरकत नाही.

चौकट

वर्षभरातील आणखी काही निमित्ते

* १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन : वर्षात वाचलेल्या पुस्तकांची यादी भिंतीवर लावावी आणि एक पुस्तक मित्राला भेट द्यावे.

* २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन : श्रीनिवास रामानुजन यांच्या जन्मदिनी मुलाने घरातील मोठ्यांना पाच कोडी घालावीत.

* ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती : घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीची, ती किती शिकली आणि पुढे का शिकता आले नाही, याविषयी मुलाखत घेऊन लिहून ठेवावी.

* २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन : कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी स्वतःच्या लेखनाचे चार पानांचे हस्तलिखित काढावे.

* २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन : घरातील वस्तूंनी केलेला एक प्रयोग शेजारच्या मुलांना करून दाखवावा.

ही सर्व निमित्ते एकाच वर्षी साधण्याचा अट्टहास नको. वर्षाला चार-पाच टप्पे पुरेत. ते दर वर्षी न चुकता यावेत, एवढे मात्र पाहावे.